सेक्टर ४४ मधले पडदे

२००८ हे गुडगावच्या धांदलीचे साल. शहराचे नाव सरकारी कागदावर गुरुग्राम व्हायला अजून आठ वर्षे होती. जानेवारीत दिल्लीहून येणारा द्रुतगती मार्ग खुला झाला आणि टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. मेट्रो पोचली नव्हती, ती आली २०१० मध्ये. कॉल सेंटरच्या गाड्या रात्रभर पोरापोरींना घरून आणत होत्या, पहाटे परत सोडत होत्या. त्याच वर्षी ऑगस्ट संपता संपता सेक्टर ४४ मध्ये, काचेच्या कचेऱ्यांच्या शेजारी, विटांच्या आणि गंजाच्या रंगाच्या पोलादाच्या एका वास्तूत देवी आर्ट फाउंडेशनचे कलादालन उघडले. वास्तू अहमदाबादच्या अनिकेत भागवतांनी रचलेली. जागा सिरपूर हाउसची, म्हणजे चंद्रपूरच्या सीमेपलीकडे कागजनगरला कागदाची गिरणी चालवणाऱ्या पोद्दार घराण्याची. लेखा पोद्दार आणि त्यांचे चिरंजीव अनुपम पोद्दार या मायलेकांनी जमवलेला समकालीन कलेचा संग्रह लोकांना पाहता यावा, यासाठी हा खटाटोप होता.

पहिल्या प्रदर्शनाची निवड धाडसी होती. दीक्षा नाथ यांनी मांडलेल्या ‘स्टिल मूव्हिंग इमेज’मध्ये तैलरंगातली चित्रे नव्हती, शिल्पे नव्हती. छायाचित्रे होती आणि व्हिडिओ होते. पैसेवाल्या संग्राहकाने आपले दालन उघडावे आणि पाहुण्यांना पहिल्या दिवशी हुसेन-रझा दाखवण्याऐवजी अंधाऱ्या खोल्यांतून फिरवावे, असे आपल्याकडे तोवर फारसे कोणी केले नव्हते. भारतातली व्हिडिओकला त्याआधी दीड दशक तरी चालू होतीच. पण ती परदेशातल्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत, कार्यशाळांत आणि मित्रांच्या घरी पाहिली जायची. गुडगावात तिला कायमचा म्हणावा असा पत्ता मिळाला.

तो पत्ता मिळाल्याबरोबर प्रश्नही आला. अशी कलाकृती सांभाळायची म्हणजे नेमके काय सांभाळायचे?

त्या काळी व्हिडिओ विकत घेतला की हातात काय येई ते पाहण्यासारखे आहे. एक खोका. त्यात मास्टर, बहुधा बेटाकॅमची किंवा मिनी-डीव्हीची टेप. त्यासोबत प्रदर्शनात लावायची प्रत म्हणून एक डीव्हीडी. कलावंताच्या सहीचे प्रमाणपत्र, त्यावर एडिशनचा आकडा, उदाहरणार्थ पाचातली दुसरी. आणि कलावंत नीटनेटका असला तर एक कागद : पडदा किती रुंद, खोली किती काळोखी, आवाज हेडफोनवर की खोलीभर, लूपमध्ये मधे काळा पडदा किती सेकंद. या खोक्यातली सगळ्यात टिकाऊ वस्तू तो कागदच निघतो. डीव्हीडीवरचा थर काही वर्षांत खराब होऊ शकतो. मिनी-डीव्ही वाचणारे यंत्र आज दुरुस्त करून देणारा माणूस शोधावा लागतो. ज्या प्रोजेक्टरसाठी चित्राची चौकट ठरवलेली, तो ४:३ चा प्रोजेक्टर बाजारातून गेला आणि रुंद पडद्याचा आला. फाइल शाबूत असूनही ती ज्या कोडेकमध्ये बांधलेली, तो नव्या संगणकाला ओळखता येत नाही. उत्तरेतला उन्हाळा, वीज गेली की जनरेटरवर उडी मारणारा दाब, हे सगळे वेगळेच. तैलचित्र पन्नास वर्षे दुर्लक्षिले तरी निदान धुळीखाली भिंतीवर असते. व्हिडिओकडे दहा वर्षे कोणी पाहिले नाही तर तो गेलाच.

त्या खोक्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आली आहे, ती म्हणजे एडिशनचा आकडा. ज्या वस्तूची हुबेहूब प्रत काढायला दमडीही लागत नाही, तिच्या पाचच प्रती राहतील असे वचन कलावंत देतो, कारण त्याशिवाय बाजारात तिला किंमत येत नाही. कलावंताचे पोट आहे, हे मान्य. पण जतनाच्या बाजूने पाहिले तर हे वचन जिवावर उठणारे आहे. पाच प्रती पाच कपाटांत बंद आणि पाचही मालक आपापल्या परीने निष्काळजी, एवढे पुरते. गुडगावच्या दालनाचे मोल मला इथे वाटते : कपाटातली प्रत बाहेर काढून ती लावून पाहण्याची शिस्त त्याने घातली. लावून पाहिल्याशिवाय काय बिघडले आहे ते कळत नाही.

मोजक्याच प्रतींच्या वचनाच्या नेमका उलट विचार हे दालन उघडण्याच्या आठ वर्षे आधी दिल्लीत सुरू झाला होता. सिव्हिल लाइन्समध्ये राजपूर रोडवर २९ क्रमांकाच्या बंगल्यात सीएसडीएस ही समाजशास्त्रांची संस्था आहे. तिथे २००० साली ‘सराय’ सुरू झाले. रवी वासुदेवन आणि रवी सुंदरम हे दोन अभ्यासक, आणि जीबेश बागची, मोनिका नरुला व शुद्धब्रत सेनगुप्ता या तिघांचा रॅक्स मीडिया कलेक्टिव्ह, अशी ही जोडणी. नाव धर्मशाळेचे आणि वागणूकही तशीच, येणाऱ्याला जागा. तळघरात मीडिया लॅब. संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर. शहर, सिनेमा, पायरेटेड सीडींचा पालिका बाजार, प्रसारमाध्यमे यांवर संशोधन, इंग्रजीतले ‘सराय रीडर’, हिंदीतले ‘दीवान-ए-सराय’. गुडगावच्या कॉल सेंटरांकडे कलेचा विषय म्हणून गंभीरपणे पाहणाऱ्या पहिल्यांत हे लोक होते. दूरच्या गिऱ्हाइकासाठी रात्री जागणाऱ्या कामगारांच्या जगातून रॅक्सने २००३ मध्ये ‘ए/एस/एल’ हे काम केले. जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावात असे केंद्र उघडले, तेव्हापासून या शहराची रात्र बदललेली होती.

सरायच्या लॅबमधले सगळ्यात महत्त्वाचे काम ‘ओपस’. ओपन प्लॅटफॉर्म फॉर अनलिमिटेड सिग्निफिकेशन हे त्याचे भारदस्त पूर्ण नाव. २००२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला, ओक्वी एनवेझोर यांच्या डॉक्युमेंटा ११ मध्ये ते मांडले गेले. कल्पना अशी : कोणीही आपले चित्र, लेखन, ध्वनी, व्हिडिओ किंवा प्रोग्रामचा कोड इथे ठेवावा. दुसऱ्याने ते उतरवून घ्यावे, बदलावे आणि बदललेले पुन्हा ठेवावे. मूळ पुसायचे नाही. प्रत्येक नव्या रूपासोबत ते कशातून आले याची नोंद चालत राहणार. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची ही रीत कलेला लावून पाहिलेली. यूट्यूब निघायला अजून तीन वर्षे होती, आणि फेसबुक कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती हातांनी उतरवलेल्या पोथ्यांतून. प्रत्येक लेखनिकाने थोडे गाळले, थोडे घातले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले, तेही शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून. प्रती भरपूर होत्या, वेगवेगळ्या गावी होत्या, आणि कोणती कशावरून उतरली हे शोधता येत होते, म्हणून ते जमले. ओपसने हीच तीन गुणांची रचना संगणकात बसवली होती. दोन दशकांनंतर आपण ज्या संकटाबद्दल बोलतो आहोत त्यावरचा उपाय राजपूर रोडच्या तळघरात आधीच लिहिला गेला होता, असे माझे मत आहे. तो पसरला नाही. ओपस वापरणारे थोडे राहिले, जग मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या अंगणात राहायला गेले, आणि त्या अंगणाचा दरवाजा कधी लावायचा हे कंपनीच्या हाती राहिले.

सरायचाच दुसरा उपक्रम सायबरमोहल्ला. ‘अंकुर’ या संस्थेबरोबर दिल्लीच्या कष्टकरी वस्त्यांत छोट्या संगणकखोल्या उघडल्या. तिथली मुले लिहीत, ध्वनी टिपत, फोटो काढत, अॅनिमेशन करत. अशी एक खोली यमुनेच्या काठी, प्रगती मैदानाजवळ नांगला माची वस्तीत होती. २००६ मध्ये ती वस्ती बुलडोझरखाली गेली. संगणकखोली गेली, घरे गेली, माणसे शहराच्या टोकाला सावदा घेवऱ्याकडे फेकली गेली. त्या दिवसांत आणि नंतरही ही तरुण मंडळी लिहीत राहिली. ते लेखन २००७ मध्ये ‘बहुरूपिया शहर’ या नावाने राजकमल प्रकाशनाने छापले, २०१० मध्ये ‘ट्रिकस्टर सिटी’ म्हणून इंग्रजीत आले. डिजिटल लॅबमध्ये जन्मलेले हे काम आज ग्रंथालयाच्या फडताळात सापडते. वस्ती सापडत नाही.

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, मथुरा रोडवर बदरपूरपाशी, २००२ मध्ये अपीजे मीडिया गॅलरी सुरू झाली होती. नवमाध्यमांसाठीच काढलेली भारतातली ही पहिली गॅलरी. पूजा सूद यांनी ती चालवली. पाचएक वर्षे चांगले काम झाले, मग ती बंद पडली. म्हणजे फक्त संकेतस्थळेच बंद पडतात असे नाही, भिंतींची गॅलरीही बंद पडते.

मुंबईत त्याच सुमारास जे.जे.मध्ये शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता इंटरनेटलाच माध्यम करत होत्या. लंडनच्या टेट संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळासाठी सोपवलेले त्यांचे ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ २००३ मध्ये आले. त्यांनी नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मस्थळांत नेली आणि तिच्यासाठी आशीर्वाद घेतला. मग जगात कुठेही संगणकापुढे बसलेल्या माणसाने आपला धर्म निवडायचा आणि तारेतून आशीर्वाद मिळवायचा. मंदिर-मशिदीवरून देश पेटलेला असतानाच्या त्या वर्षांत हे काम काळजाला भिडणारे होते, आजही आहे. पण आज ते अनुभवायचे कसे? टेटने आपली इंटरनेट-कामे पुढे संग्रहरूपाने राखली आणि २०१८ पासून तीन वर्षे अशा कामांचे जतन हा संशोधनाचा विषय केला. पानांची प्रत राहते, चित्रे राहतात. मोडेमचा तो कर्कश आवाज, एकेक चित्र वरून खाली उलगडण्याची वाट पाहणे आणि त्या वाट पाहण्यातच आशीर्वाद मागणे, हे आजच्या वेगवान नेटवर कसे लावायचे, याचे उत्तर संग्राहकाला द्यावे लागते.

संग्राहकाचा आणि सरायचा, हे दोन प्रवाह गुडगावातच एकत्र आले. ऑगस्ट २०१२ मध्ये देवी आर्ट फाउंडेशनमध्ये ‘सराय रीडर ०९ : द एक्झिबिशन’ सुरू झाले, मांडणी रॅक्सची. प्रदर्शन उघडले तेव्हा दालन जवळजवळ रिकामे होते. प्रस्ताव येत गेले, कामे उभी राहत गेली, काही मोडली, काही बदलली आणि एप्रिल २०१३ पर्यंत हा सिलसिला चालला. पाहणाऱ्याला दर महिन्याला दुसरेच प्रदर्शन भेटे. संग्राहकाच्या घरात, जिथे पाचातली दुसरी प्रत कपाटात ठेवलेली, तिथेच काम हे सतत घडत राहणारे असते असे म्हणणारे लोक आठ-नऊ महिने राहिले. गुडगावच्या कलेच्या इतिहासात मला हा सगळ्यात श्रीमंत काळ वाटतो.

तोवर बाहेर दरवाजे लागायला सुरुवात झाली होती. २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने जिओसिटीज बंद केले. हौशी लोकांची लाखो पाने एका दिवसात गेली असती. ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढे उतरवले आणि पुढच्या वर्षी जवळजवळ एक टेराबाइटचा तो गठ्ठा सगळ्यांसाठी मोकळा केला. ओलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेनशिड या दोघा कलावंतांनी त्या ढिगातून एकेक पान जुन्या ब्राउझरात उघडून पुन्हा लोकांसमोर आणले. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेले, ज्यावर ब्राझीलइतकेच भारतीयांनी प्रेम केले. २०२० च्या ३१ डिसेंबरला अडोबीने फ्लॅशचा आधार काढला. दोन दशकांची अॅनिमेशने, खेळ, परस्परसंवादी कामे मुकी झाली. त्यांच्यापैकी बरीच ‘रफल’ या मुक्त प्रोग्राममुळे इंटरनेट आर्काइव्हवर पुन्हा हलू लागली.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा आघात मात्र २९ जून २०२० च्या संध्याकाळचा. सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. त्याच्या भारतातल्या कार्यालयांपैकी एक गुरुग्रामातच होते. बंदीच्या राजकीय कारणांची चर्चा पुष्कळ झाली. कलेच्या अंगाने ती झालीच नाही. खानदेशातल्या शेताच्या बांधावर, मराठवाड्यातल्या गोठ्यात, ऊसतोडीच्या फडात ज्यांनी पंधरा सेकंदांत नाच, नकला, लावणीची अदा, संपादनाच्या करामती केल्या, त्यांना कलावंत म्हणून कोणी खोक्यात प्रमाणपत्र घालून दिले नव्हते. ती लोककला होती, या शतकाची. लोकगीते जात्यावरून टिपून घेणारे अभ्यासक आपल्याकडे झाले. या व्हिडिओंना तसा कोणी भेटण्याआधीच अॅप फोनवरून गेले.

पुढच्याच वर्षी नेमके उलटे आश्वासन घेऊन एनएफटी ही मालकीची डिजिटल नोंद आली. ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक साखळीवर, नोंद झाली की कलाकृती अमर, असे सांगितले गेले. दिल्ली परिसरातल्या कितीतरी तरुण चित्रकारांना, अॅनिमेटरांना त्यातून पहिल्यांदा गॅलरीवाल्याशिवाय पैसे मिळाले, हे विसरता कामा नये. पण साखळीवर असते ती पावती. चित्राची फाइल बहुधा दुसरीकडेच असते. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, जुलैपासून व्यवहारावर एक टक्का कापला जाऊ लागला, आणि त्याच वर्षी जगभरचा बाजारही कोसळला. मग बाजारपेठा एकेक करून मिटू लागल्या. ईबेने विकत घेतलेली नोनओरिजिन बंद होणार असे २०२४ मध्ये जाहीर झाले, मेकर्सप्लेसने २०२५ च्या सुरुवातीला तेच सांगितले.

या सगळ्यांत हिक एट नंक या बाजारपेठेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलच्या राफाएल लिमा यांनी २०२१ च्या मार्चमध्ये ती सुरू केली. व्यवहाराचा खर्च अगदी कमी, म्हणून भारत, ब्राझील, फिलिपिन्समधले कलावंत तिथे गर्दी करून आले. ११ नोव्हेंबर २०२१ ला ती न सांगता बंद झाली. घबराट उडाली. पण तिचा कोड खुला होता, व्यवहार टेझोस साखळीवर होते आणि फाइली आयपीएफएस या विखुरलेल्या साठ्यात. बघता बघता लोकांनी तिच्या आरसाप्रती उभ्या केल्या, पुढे त्याच मंडळींतून तेइया ही सहकारी धाटणीची नवी जागा निघाली. कामे वाचली. अट एकच : आयपीएफएसवरची फाइल कोणाच्या तरी संगणकाने धरून ठेवली पाहिजे. शेवटच्या माणसाने ती सोडली की पावती उरते आणि चित्र जाते.

जतन करणाऱ्यांनी यासाठी चार वाटा सांगितल्या आहेत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने २००३ च्या सुमारास ‘व्हेरिएबल मीडिया’ या नावाखाली त्या मांडल्या : यंत्र आणि फाइल जशीच्या तशी साठवणे, जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकात चालवणे, नव्या स्वरूपात फाइल हलवणे आणि शेवटी, काम नव्याने करणे. ही चौथी वाट ऐकूनच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण तिचे सगळ्यात हृद्य उदाहरण मुंबईतले आहे. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेपियन सी रोडवर आपल्या शिष्यवृत्तीच्या पैशातून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभारले. चित्रकार, सिनेमॅटोग्राफर, मानसशास्त्रज्ञ तिथे एकत्र काम करत. तिथे पदमसींनी आकड्यांच्या नियमांनी रेषा हलवणारा ‘सिझिजी’ हा मूकपट केला, राम मोहन यांच्या अॅनिमेशनच्या मदतीने. संगणकाविना केलेली ती संगणकीय कला होती. तो टिकला. त्याच्या जोडीचा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ मात्र हरवला, कारण प्रत एकच होती. चार दशके उलटल्यावर अशीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना समोर बसवून, त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा घडवायला घेतला. २०१६ मध्ये ती फिल्म आली, २०२० च्या जानेवारीत पदमसी गेले. कलावंत हयात असताना विचारून घेतले, एवढ्यावर सगळे निभावले.

मुंबईतच कॅम्प या स्टुडिओने बर्लिन आणि बंगळुरूच्या सोबत्यांबरोबर २००८ मध्ये पॅड.मा हे व्हिडिओंचे ऑनलाइन संग्रहस्थळ उभे केले. गुडगावचे दालन उघडले ते हेच वर्ष. चित्रपटात न वापरलेले फुटेज, मुलाखती, शहराची चित्रणे तिथे ओळीओळीने टिपणे लिहून ठेवलेली असतात. सॉफ्टवेअर खुले, साठा स्वतःचा. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही.

हे झाले लोकांचे आपापले प्रयत्न, आता कायद्याकडे पाहू. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात पुस्तक छापले की तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, शिवाय चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाला एकेक. ‘बहुरूपिया शहर’ या कायद्याच्या छत्राखाली येते. सेक्टर ४४ मध्ये लागलेले व्हिडिओ येत नाहीत, ओपस येत नाही, बांधावरचा नाच येत नाही. फ्रान्सने २००६ मध्ये आणि ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या जमा-कायद्यात संकेतस्थळे घेतली. आपल्याकडे ती घ्यायची तर पाठवणाऱ्याने तीन गोष्टी पाठवाव्यात : फाइल, ती चालवणारा कोड आणि कलावंताच्या सहीचा एक कागद, ज्यावर पडदा किती रुंद, खोली किती काळोखी आणि यातले काय बदलले तरी चालेल, हे लिहिलेले असेल.